बाजूचं दार

“आधी चहा होऊ द्या,” ओहोळ मास्तर म्हणाले, आणि काहीतरी अवघड बोलायचं आहे हे मला तिथेच समजलं. एरवी आमच्याकडे चहाला ते नाहीच म्हणायचे. मास्तर आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचकमिटीचे प्रमुख. त्यांच्याबरोबर पाळकसाहेब लोंढे आले होते आणि ते मघापासून भिंतीवरच्या कॅलेंडरातलं वचन वाचत होते. वचन दोन ओळींचं होतं.

चहा झाला. बश्या खाली ठेवल्या गेल्या. मग पाळकसाहेबांनी घसा साफ केला.

“सुवार्ता, तुझ्याकडून एक ओळ लिहून हवी होती.”

“कसली?”

“की एस्तेरचं लग्न चर्चमध्ये रीतसर व्हायला तुझी हरकत नाही.”

ही १९८३ सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांची, मिशनच्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली शिक्षिका. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात आई आणि मी दोघीच. आणि एस्तेर म्हणजे जिच्यामुळे माझं लग्न मोडलं ती.

प्रफुल्ल मकासरे मिशनच्या दवाखान्यात लॅबमध्ये होता. आमचा साखरपुडा झाला, लग्नाची तारीख ठरली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत सूचना वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळवावी म्हणून. पहिल्या रविवारी माझं आणि प्रफुल्लचं नाव वाचलं. दुसऱ्या रविवारी पाळकसाहेब ते पान उलटून सरळ पुढे गेले. अख्ख्या चर्चने माना वळवून माझ्याकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी प्रफुल्ल त्यांच्या बंगल्यावर जाऊन सांगून आला होता की नर्सिंग शिकणारी एस्तेर चार महिन्यांची गरोदर आहे आणि मूल त्याचं आहे. मला सांगायला मात्र तो आला नाही. त्याचं धैर्य पाळकांच्या बंगल्यापर्यंतच पुरलं.

आमच्याकडे अशा नवरीसाठी एक नियम होता. तो कुठे छापलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. घंटा वाजणार नाही. पांढरी साडी नाही, डोक्यावर जाळी नाही, मधल्या वाटेने चालत येणं नाही. लग्न चर्चमागच्या वेस्ट्रीत, म्हणजे पाळक झगा घालतात त्या खोलीत, तेही आडवारी सकाळी. नवरीने आत यायचं ते बाजूच्या दाराने. पुढे वर्षभर दर रविवारी त्याच दाराने यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं आणि प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाची भाकरी आणि द्राक्षारस, घ्यायचं नाही. नवऱ्याला फक्त तीन महिने प्रभुभोजन बंद, दार मात्र मोठंच. पुरुषांना बाजूचं दार लहान पडत असावं.

“हे कुणाच्या डोक्यातून निघालं?” मी विचारलं.

ओहोळ मास्तर रिकाम्या कपात बघायला लागले.

“माझ्या,” स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली.

“रत्नाबाई परवा कमिटीपुढे आल्या होत्या,” मास्तर म्हणाले. “म्हणाल्या, पोरीला बापाचं छत्र नाही, बोर्डिंगात वाढलेली, तिच्यासाठी नियम सोडा. आम्ही म्हटलं, जिचं नुकसान झालं ती हरकत नाही म्हणाली तर कमिटी विचार करील. नाहीतर असं सोडत गेलं तर उद्या शिस्त कसली राहायची?”

“माझी हरकत आहे,” मी म्हणाले. “लिहून पाहिजे असेल तर आत्ता देते. एक नाही, चार ओळी देते.”

“नको, नको. तोंडी पुरे,” मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा चांगलाच उजळला होता. पाळकसाहेबांनी निघताना प्रार्थना केली, ती मात्र लांबलचक.

ते फाटकाबाहेर पडायचाच अवकाश, मी स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत बसली होती.

“मला न विचारता गेलीस?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“मग?”

“म्हणून आधी गेले.”

“कोण लागते ती तुझी?”

“कुणी नाही गं.”

ते खरंच होतं. आईची बालवाडी, एस्तेरचा दवाखाना. रविवारी ‘सलाम’ म्हणण्यापलीकडे दोघींत कधी बोलणं झालेलं नव्हतं. तेच तर मला सहन होईना. ओळखीची असती तर मी म्हटलं असतं, बाई, माया आहे.

“त्या रविवारी सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं, तेव्हा कुठे होती तुझी दया?”

“तुझ्या शेजारीच बसले होते,” आई म्हणाली. “तुझा हात धरून. तिचा कोण धरणार?”

“प्रफुल्ल धरेल की!”

“तो?” आई म्हणाली, आणि पुन्हा मेथीला लागली. मग म्हणाली, “तुझी हरकत तुझी आहे सुवार्ते. ती काही मी तुझ्याकडून ओढून घेणार नाही. तुला लागलंय, ते मला दिसतं.”

मी जिंकले असंच मला वाटलं. त्या रात्री आठवड्याभरात पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

लग्न गुरुवारी सकाळी साडेसातला होतं. आईने नाताळला नेसायची तिची साडी काढली. मी जाणार नव्हते. पण ती गेल्यावर पाच मिनिटांनी मीही चपला घातल्या. खरं सांगते, नियम नीट पाळला जातोय की नाही हे बघायला गेले. वेस्ट्रीच्या खिडकीबाहेर दोन-तीन बायका आधीच उभ्या होत्या. त्यांनी मला जागा करून दिली, म्हणजे पहिला मान माझाच.

आत एस्तेर मातकट रंगाच्या साडीत उभी होती. पदर पुढे ओढून घेतला होता तरी पोट दिसत होतं. प्रफुल्लच्या बाजूने त्याचा एक मित्र साक्षीला आला होता. त्याच्या आईने पाऊल टाकलं नव्हतं. बोर्डिंगच्या बाई येणार होत्या, त्यांनी सर्दी झाल्याचा निरोप पाठवला होता. माझी आई कोपऱ्यात, झगे टांगायच्या खुंट्यांखाली.

पाळकसाहेब भराभर वाचत होते. वाचता वाचता ते त्या प्रश्नापाशी आले, जो वाचायचा नाही असं बहुधा त्यांनी ठरवलं होतं आणि सवयीने वाचून गेले.

“ह्या स्त्रीला ह्या पुरुषाशी लग्न करायला कोण देतो?”

एरवी इथे नवरीचा बाप पुढे होतो, नाहीतर मामा. आत कुणी हललं नाही. एस्तेरची मान आणखी खाली गेली. पाळकसाहेबांनी घाईघाईने पान उलटायला बोट लावलं.

“मी देते,” आई म्हणाली.

“रत्नाबाई, तुम्ही कशा...”

“विचारलंत ना तुम्ही, कोण देतो? मी देते.”

ती कोपऱ्यातून पुढे आली, एस्तेरचा उजवा हात धरला आणि प्रफुल्लच्या हातात दिला. ज्याच्या हातात माझा हात द्यायची ती तीन महिने तयारी करत होती, त्याच्या. प्रफुल्लने मान वर केली नाही. माझ्या शेजारची बाई म्हणाली, “तुझी आईच ना गं ही?” मी तशीच घरी आले, आणि शाळेत त्या दिवशी सहावीच्या वर्गाला उगाच बडवून काढलं.

पण पुढे जे घडलं त्यापुढे गुरुवारचं काहीच नव्हतं. त्या रविवारी आई आणि मी नेहमीसारख्या चर्चला निघालो. फाटकातून आत आलो तर डाव्या हाताला, वेस्ट्रीकडे जाणाऱ्या पायवाटेवर एस्तेर एकटी उभी. प्रफुल्ल मोठ्या दाराने केव्हाच आत गेला होता. पायऱ्यांवर माणसं उभी होती आणि सगळी, न बघितल्यासारखं करून, बघत होती.

“तू हो पुढे,” आई म्हणाली आणि डावीकडे वळली.

“आई, तिकडे कुठे?”

“मी इकडून येते.”

“ते दार कुणासाठी आहे माहितेय ना तुला?”

“माहितेय.”

मी मोठ्या दाराने गेले आणि आमच्या नेहमीच्या चौथ्या बाकावर एकटी बसले. आई शेवटच्या बाकावर, एस्तेरच्या शेजारी. महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणून प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट मागे गेलं तशी सगळी मागे वळून बघू लागली. एस्तेरला ते द्यायचं नव्हतंच. पाळकसाहेबांनी ते आईपुढे धरलं. आईने मान हलवली. नको.

आमच्यात प्रभुभोजन नाकारणं म्हणजे काय, हे लहान मुलांनासुद्धा सांगावं लागत नाही. ज्याच्या पदरी काही पाप आहे, तो घेत नाही. मंडळीने त्याचा सरळ अर्थ लावला. महिन्याभरात महिला मंडळात बोललं जाऊ लागलं की रत्नाबाईंचं लग्नही माहेरी असंच वेस्ट्रीत झालेलं असणार, आता मनाला खातंय, म्हणून हा एवढा पुळका. आणि तिथवर गेलेला माणूस पुढेही जातोच. आईचं तसं झालं असेल तर ते मूल कोण? मी एकुलती एक. माझ्याशी बोलता बोलता बायका मध्येच गप्प व्हायच्या आणि मनातल्या मनात महिने मोजायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात श्रीरामपूरचं एक स्थळ आलं. मुलगा पोस्टात होता, माणसं बरी होती, पोहे आवडले, मीही आवडले. आठ दिवसांनी त्यांच्या आत्याबाईंनी कुणाकडून तरी विचारलं, मुलीची आई चर्चमध्ये बाजूच्या दाराने का जाते? त्यानंतर त्यांच्याकडून काही निरोप आला नाही.

मी आईसमोर अक्षरशः पाय आपटले.

“एकदा सांग ना लोकांना! माझं असलं काही नव्हतं, एवढंच सांग. एक वाक्य! तेही जड होतंय तुला?”

आई वाळलेले कपडे घडी करत होती. “लोकांना काय वाटायचं ते वाटू दे.”

“आणि मला? मला काय वाटायचं?”

तिने हातातलं काम थांबवलं. “तुला काय वाटतं?”

तोवर मलाही लोकांसारखंच वाटायला लागलं होतं. नाहीतर कुठली शहाणी बाई परक्या पोरीसाठी स्वतःच्या मुलीचं असं वाटोळं करून घेईल? कारण असल्याशिवाय माणूस असं वागतच नाही. मी तोंडाने विचारलं नाही, पण तिला ते समजलं असावं. तिने माझंच परकर-पोलकं उचललं आणि त्याची घडी घातली.

वर्ष संपलं. एस्तेरच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला, एस्तेर मोठ्या दाराने आत आली, पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं. आईनेही त्या दिवशी घेतलं. सुटले, असं मी मनात म्हटलं. पुढच्या रविवारी फाटकातून आत आल्यावर आई डावीकडे वळली.

“आता काय?” मी जवळजवळ ओरडलेच.

“सवय झाली बाई,” ती म्हणाली.

ती सवय चोवीस वर्षं टिकली. ऊन असो, पाय सुजलेले असोत, आई बाजूच्या दाराने यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. त्या वर्षांत आणखी दोन मुलींना कमिटीने ते दार दाखवलं. दोघी आत आल्या तेव्हा बाकावर आई आधीच बसलेली होती. हे मला आता सुचतं. तेव्हा मला फक्त तिचा हट्ट दिसायचा आणि माझं डोकं फिरायचं.

आणि एस्तेर? तिचं छान चाललं. वॉर्डाची सिस्टर झाली, मग महिला मंडळाची अध्यक्ष. सभेला उशिरा येणाऱ्यांना सर्वांसमोर झापायची. मोठ्या दाराने यायची, तिसऱ्या बाकावर बसायची. आईविषयी तिने कधी चकार शब्द काढला नाही. इतक्या नाताळांत तिच्या घरून आमच्याकडे करंज्यांची एक ताटली आली नाही. मी हे आईला बोलून दाखवलं की ती म्हणायची, “लाजत असेल गं.” लाजायला कुणाला चोवीस वर्षं लागतात?

एकतिसाव्या वर्षी माझं लग्न झालं, नाशिकच्या एका शिक्षकाशी. त्याने काही विचारलं नाही. मी त्याला कधीच सांगितलं नाही की केवळ त्या एका गुणासाठी मी त्याला होकार दिला.

२००८ च्या जानेवारीत आई गेली. तिच्या मातीला सगळे आले, चांगलं बोलले, आणि तेवढ्यातही मला दोन बायकांची कुजबुज ऐकू आली. तिसऱ्या आठवड्यात मी एसटीत बसले आणि आईच्या माहेरी, जालन्याच्या पुढे, तिथल्या जुन्या चर्चमध्ये गेले. लग्नांची नोंदवही बघायची आहे, म्हणाले. तिथले तरुण पाळक भले होते. त्यांनी कारण विचारलं नाही, वही समोर ठेवली आणि पंखा लावून दिला.

प्रत्येक नोंदीपुढे शेऱ्याचा रकाना होता. माझा जन्म ऑगस्ट १९६० चा. मी त्या वर्षापासून मागे मागे जात बोट फिरवत गेले. काही नोंदींपुढे पाळकांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘वेस्ट्रीत, बाजूच्या दाराने’. १९६० मध्ये आईचं नाव नव्हतं. १९५९ मध्येही नव्हतं. सापडलं ते १४ मे १९५८ ला. माझ्या जन्माच्या सव्वादोन वर्षं आधी. विधी चर्चच्या मुख्य दालनात. शेऱ्याचा रकाना कोरा.

घंटा, जाळी, मधली वाट, सगळं आईला मिळालं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की वही मिटताना आवाज झाला आणि पाळक आत डोकावले. काही असतं तर मी समजू शकले असते. माफही केलं असतं. इतकी वर्षं मी त्याचीच तयारी करत आले होते. पण तिथे काहीच नव्हतं. तिने ते उगीच केलं होतं. एका परक्या मुलीसाठी, जिने तिला साधी करंजी दिली नाही. मी त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली.

आईच्या स्मरणाची प्रार्थना पुढच्या रविवारी, उपासनेनंतर चर्चच्या आवारात होती. झेरॉक्स माझ्या पर्समध्ये होती. काय बोलायचं, कसं बोलायचं, नाशिकहून येताना मी सगळं पाठ केलं होतं. प्रार्थना झाली, चहा-चिवडा सुरू झाला. ओहोळ मास्तर काठी टेकत आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. पंचाहत्तरी ओलांडलेली, कमिटीवरून उतरलेले, तरी आवाज तोच.

“सुवार्ता, रागावू नकोस. मीही आता जायच्या वाटेवर आहे. कमिटीने त्यांना कधी विचारलं नाही, बरं दिसलं नसतं. पण आता त्या प्रभूकडे गेल्या. खरं काय होतं रत्नाबाईंचं?”

मी पर्सची चेन उघडली. अशी संधी मला मागूनही मिळाली नसती. समोर चहाचा ट्रे घेऊन एस्तेर उभी होती. तिने मास्तरांचा प्रश्न ऐकला होता. तिच्यामागे तिची थोरली, प्रिस्का, कपात चहा ओतत होती. चोवीस वर्षांची, दवाखान्यातच लागलेली, पुढच्या महिन्यात लग्न. त्या पोरीला आपल्या जन्माआधीचं काही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

एस्तेर माझ्या पर्सकडे बघत होती. त्यात काय आहे हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. पण तिचा चेहरा त्या सकाळी वेस्ट्रीत होता तसा झाला.

आणि तेव्हा मला कळलं, आईने ते एक वाक्य का उच्चारलं नव्हतं. ‘माझं काही नव्हतं’ म्हटलं असतं, की त्या बाकावर एस्तेर एकटी उरली असती. मी आता कागद काढला असता, तर मास्तर मोठ्याने म्हणाले असते, “म्हणजे ती एस्तेरच तेवढी!” आणि प्रिस्काने विचारलं असतं, काय झालं होतं?

“बोल ना,” मास्तर म्हणाले.

मी चेन लावली. “इतकी वर्षं जे समजत आलात, मास्तर, तेच समजा.”

त्यांनी मान डोलावली. मग चष्मा सारखा करून माझ्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, एखाद्या गोष्टीचा पुरावा एकदाचा समोर येऊन बसल्यावर त्याच्याकडे बघावं तसं. आजूबाजूच्या दोघी-तिघींनीही पाहिलं. मी त्यांना पाहू दिलं.

एस्तेरने माझ्यापुढे ट्रे धरला. तिला काहीतरी म्हणायचं होतं, मला ते ऐकायचं नव्हतं. मी कप उचलला. चहा फार गोड होता, तरी सगळा प्याले.

आई जिवंत असताना मी तिच्यावर हजार वेळा चिडले असेन. पण त्या दिवशी तिचा जेवढा राग आला, तेवढा कधीच आला नव्हता.